कौसल्येने सही केली नव्हती

या लेखाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. कौसल्येने वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांना सोडून दिला होता का? प्रश्न घरगुती आहे, आणि एखादी बाई जाऊन काही आठवडेच झाले असताना तो चव्हाट्यावर आणणे अनेकांना रुचणार नाही. पण तो चव्हाट्यावर मी आणलेला नाही. तिच्या दहाव्याला, गावच्या घाटावर, ध्वनिक्षेपकातून त्याचे उत्तर साऱ्या गावाला ऐकवले गेले, आणि ते उत्तर चुकीचे होते. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. फळ्यावर चुकीचे उत्तर तसेच ठेवून वर्गाबाहेर जाण्याची सवय मला नाही.

कौसल्या गेल्याचे मला क्लोदीनने कळवले. क्लोदीन ही रवांडाची मुलगी. आपल्या विद्यापीठात संशोधन करते आणि कौसल्येच्या घरी वरच्या खोलीत राहते. सकाळी तिचा फोन आला. "मॅडम उठ नहीं रहे. आप आओ." एवढेच म्हणाली. मी पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबले होते... दुपारी कन्नड तालुक्यातल्या गावाहून दोघे भाऊ आले. थोरला रामभाऊ दारातच म्हणाला, "आक्का आमची आहे. गावीच नेणार." ज्या घराचा उंबरा तिला गेली कित्येक वर्षे ओलांडता आला नव्हता, त्या घराच्या अंगणात तिला त्या दिवशी अंघोळ घातली गेली. मेल्यावर तिची कोणालाच अडचण राहिली नव्हती.

दहाव्याला मी आणि क्लोदीन जीपने गावी गेलो. आपल्याकडे हल्ली दशक्रियेला भाषणे होतात, तशी झाली. गावच्या सरपंच बाई आहेत. त्या आमच्याशेजारी सतरंजीवर पदर सावरून बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान ध्वनिक्षेपक धरून "सरपंच या नात्यानं" श्रद्धांजली वाहत होते. ते म्हणाले, "आक्का म्हंजे त्याग. एवढी शिकली, पार आफ्रिकेत जाऊन आली, पण भावाकडं कधी गुंठाभर जमीन मागितली नाय. हासत हक्क सोडला अन् साडीचोळीवर समाधान मानलं. आजकालच्या पोरींनी हे शिकावं." रामभाऊने डोळे पुसले. क्लोदीनने मला विचारले, "क्या बोले?" मी सांगितले, मॅडमने जमीन सोडून दिली असे म्हणतात. ती सरळ म्हणाली, "झूठ बोलते." मागच्या एका म्हातारीने मान पुढे काढली. "काय म्हणती गं ही पोरगी?" कौसल्येची धाकटी बहीण सुमन माझ्या पलीकडे बसली होती. खाली मान घालून ती म्हणाली, "खरं म्हणती."

आता क्रमाने सांगते.

कौसल्येचे वडील, आबा, मेंढ्या राखत. वर्षातले अर्धेअधिक महिने घर पाठीवर. घोडीवर भांडी, घोंगड्या आणि त्यांवर बसवलेली दोन लहान मुले; मागे चालणारी आई, आणि कळपाच्या कडेने कोकरे सांभाळत जाणारी कौसल्या. ती दोन मुले म्हणजे हे भाऊ. सुमनचा जन्म पुढचा. पुढे चराऊ राने आटली, आबांनी कळप विकला आणि ओढ्याकाठी विहिरीसकट जमीन घेतली. कौसल्येचे लग्न लहानपणीच झाले, नवरा आजाराने गेला, आणि सासरच्यांनी तिला परत आणून सोडले. मूलबाळ नव्हते. गावात तिच्याकडे बघून लोक आवाज खाली करत. आबांनी तो कधी खाली केला नाही. तिला शाळेत घातले, मग शहरात. "मेंढरामागं आता कुणी जायचं नाय, तू तर नायच," असे ते म्हणत. तेव्हाच्या औरंगाबादेत, मुलींच्या वसतिगृहात, ती माझ्या खोलीत आली. सोबत एक घोंगडी होती, आणि तिला मेंढीचा वास येतो अशी तक्रार करणाऱ्या मुलीला तिने शांतपणे उत्तर दिले होते, "येणारच. तिचीच आहे ती."

ती राज्यशास्त्राची प्राध्यापिका झाली. मधल्या काळात बिनपगारी रजा घेऊन रवांडाच्या राजधानीत, किगालीला, एका महाविद्यालयात शिकवायला गेली. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: रवांडा हा आफ्रिकेच्या मध्यभागी असलेला, डोंगरांनी भरलेला छोटा देश. तिथे भीषण नरसंहार झाला. त्यानंतर जे राज्य उभे राहिले त्याने संविधानातच लिहिले, की निर्णय घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत निदान तीस टक्के जागा स्त्रियांना असतील. आज त्यांच्या संसदेत अर्ध्याहून अधिक स्त्रिया आहेत. मुलगी आणि मुलगा यांना वारसा सारखा, असाही कायदा झाला. इथपर्यंत आपल्याला ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. फरक कुठे आहे, हा कौसल्येचा विषय होता, आणि तो तिला ग्रंथालयात नव्हे तर एका डोंगरउतारावर सापडला.

सरकारने देशभरच्या जमिनीची नोंदणी काढली होती. एका विद्यार्थिनीबरोबर ती तिच्या गावी गेली असताना मोजणीची माणसे आली. कचेरी नव्हती, शेताच्या बांधावरच टेबल मांडलेले. आकाशातून काढलेल्या छायाचित्रावर हद्दी आखायच्या, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी उभे राहून त्या बरोबर आहेत म्हणायचे. एका माणसाने आपले नाव सांगितले. नोंद करणाऱ्याने विचारले, बायकोचे? तेही सांगितले. मग विचारले, या जमिनीवर आणखी कोणाचा हक्क आहे? तो म्हणाला, कोणाचा नाही. तेव्हा शेजारचा म्हातारा हसून म्हणाला, अरे, तुझी बहीण खालच्या वस्तीवर दिली आहे ना, ती काय आभाळातून पडली? सगळे हसले, तोही ओशाळून हसला, आणि बहिणीचे नाव लिहिले गेले. कौसल्या ही हकीकत सांगताना नेहमी म्हणे, "मी कायदे खूप वाचले. पण हा प्रश्न भावाला, बांधावर, चार लोकांत सरकारनं विचारलेला मी पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडं तो बहिणीला विचारतात, अन् विचारतो भाऊ."

परत आल्यावर ती हे चर्चासत्रांतून मांडू लागली, आणि तिची टिंगल झाली. तिच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याने भर सभेत विचारले होते, "बाई, तिकडं पुरुष मारले गेले म्हणून बायका पुढं आल्या. समानतेसाठी आपणही तसंच काही करावं, असं सुचवताय का?" सभागृह हसले. कौसल्या हसू थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "सर, लढाईनं बाई विधवा होते. वारसदार होत नाही. त्यासाठी कुणाला तरी बसून कायदा लिहावा लागतो, आणि तो राबवावा लागतो. लढाया पुष्कळ देशांत झाल्या." ते गृहस्थ पुढे तिला "आमच्या आफ्रिकावाल्या बाई" म्हणत. तेच गृहस्थ विभागाने घेतलेल्या शोकसभेत तिच्या आंतरराष्ट्रीय दृष्टीबद्दल बोलले.

तिने रवांडाचे गोडवे गायले, असे मात्र कोणी समजू नये. तिथे सरकारविरुद्ध बोलणे सोपे नाही, हे ती प्रत्येक व्याख्यानात सांगे. आणि ज्या बायकांचे लग्न सरकारी दप्तरी नोंदलेले नव्हते त्यांना त्या कायद्याने वाऱ्यावर सोडले, हेही सांगे. क्लोदीनची आई त्यांतलीच. एकदा जेवताना क्लोदीनने तिच्या त्या शेजारणींकडून शिकलेल्या हिंदीत मला सांगितले, "मेरी माँ का शादी रजिस्टर नहीं था. बाप मर गया तो चाचा लोग बोले, तू कौन है? पार्लमेंट में इतने औरतां बैठे थे, मेरी माँ को क्या मिला? कुछ नहीं." कौसल्येने तिच्या ताटात भाकरी वाढली आणि मला म्हणाली, "हे लिहून घे. धोरण कुठं फाटलं ते जिचं फाटलं तिलाच विचारायचं."

मग आबा गेले. आई आधीच गेली होती. जमीन आबांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही. म्हणजे दोन भाऊ आणि दोन बहिणी, चौघांचा हिस्सा समान. तलाठ्याने सातबाऱ्यावर चौघांची नावे चढवली. यानंतर आपल्या भागात जे होते ते वाचकांना माहीत आहे. भाऊ जीप घेऊन बहिणीच्या दारी येतो. सोबत नवी साडी असते. निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही होते, दुपारी सगळे मिळून हॉटेलात जेवतात, आणि संध्याकाळी तिला घरी पोहोचवतात. कोणी तिला मारत नाही, कोणी दरडावत नाही. सगळे हसतखेळत होते. म्हणूनच त्याला कोणी अन्याय म्हणत नाही.

रामभाऊ आला तेव्हा मी कौसल्येकडेच होते. सुमनला त्याने लासूर स्टेशनहून, तिच्या सासरहून, आधीच आणले होते. ती नवी साडी नेसून जीपमध्येच बसून राहिली.

"चल आक्का," रामभाऊ म्हणाला. "सुमी तयार आहे. तू पण सही करून टाक, दुपारपर्यंत मोकळं होऊ."

"कशातून मोकळं व्हायचंय?"

"आता मास्तरीणपणा करू नको. तुला पगार आहे, घर आहे. तुला काय नांगर धरायचाय?"

"तू कुठं धरतोस? ट्रॅक्टर येतो ना?"

तो हसला. मग ती बोलली ते मी शब्दशः सांगू शकते, कारण तिने ते पाठ शिकवावा तसे सावकाश सांगितले. "राम्या, मी वाटणी मागत नाय. पीक तुम्ही घ्या, मला पोतंभर ज्वारी पण नको. मला मूल नाय. बापाकडून आलेली जमीन अशा बाईमागं बापाच्या वारसांकडं परत जाते, हा कायदा आहे. म्हणजे मी मेल्यावर ती तुम्हा भावंडांचीच. मला हयात असेपर्यंत आबांच्या जमिनीवर माझं नाव पाहिजे, बस. जी मेंढरं विकून ती घेतली त्यांच्यामागं मी चालले. तुम्ही दोघं घोडीवर होता."

रामभाऊने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने खरे कारण सांगितले, आणि त्या प्रामाणिकपणाचे श्रेय मी त्याला देते. "जमिनीचं नाय गं आक्का. तुझं नाव राह्यलं की उद्या सुमी पण अडून बसंल. परवा आमच्या पोरी मागतील. अन् त्यांच्या नवऱ्यांना काय सांगू?"

"सांग, की आहे त्यांचा हिस्सा."

त्याने साडी खुर्चीवर ठेवली. ती तिने उचलून त्याच्या हातात दिली. "भाऊबीजेला आण. तेव्हा घेईन." जीप गेली. सुमनने त्या दिवशी सही केली. कौसल्येने केली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही.

त्या भाऊबीजेला कोणी आले नाही. मग ती स्वतःच एसटीने गावी गेली. वहिनी दारात उभी राहिली आणि आत ये म्हणाली नाही. रामभाऊ घरी नाही असे तिने सांगितले. त्याच्या चपला दोघींच्या मधोमध पडल्या होत्या. कौसल्येने शेजारच्या घरी पाणी मागून घेतले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. पुतण्यांची लग्ने झाली, तिला पत्रिका आली नाही. विधवा होऊन परतलेल्या मुलीला ज्या बापाने घरात घेतले, त्याच्या मुलांनी तिला एका नावासाठी घराबाहेर ठेवले, आणि तेही अशा हिश्शासाठी, जो तिच्यामागे त्यांच्याचकडे जाणार होता. ती रडली का, असे मला विचारतात. हो, रडली. माहेर तुटले म्हणून रडली आणि सही केली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, हे समजून घ्यायला लोकांना जड जाते. त्यांना एक तर त्यागमूर्ती हवी असते, नाही तर जमिनीची हावरी.

आता पुन्हा घाटावर. भाषणे संपली आणि पिंड ठेवले. कावळे समोरच्या लिंबावर बसून होते, खाली येत नव्हते. मृताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करण्याचे वचन दिले की शिवतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून वचने सुरू झाली. वर्षश्राद्ध मोठं करू. तुझ्या नावानं शाळेत पंखा देऊ. कोणी म्हणाले, आक्काला चहा लागायचा, चहा ठेवा. पेलाभर चहा आणून ठेवला. धाकटा भाऊ हात जोडून म्हणाला, "आक्का, काय राग असंल तर सोड." कावळे तिथेच.

तेव्हा सुमन उठली. आयुष्यात चार माणसांत न बोललेली बाई. "दादा," ती म्हणाली, "एवढंच म्हण. आक्कानं सही केली नव्हती. म्हण, म्हंजे शिवंल."

सरपंच बाईंचे यजमान पुढे होऊन म्हणाले, "ताई, ही जागा नाय ही बोलायची."

"मग कोणती जागा आहे?" सुमनने विचारले. "जीपमधी बोलू का?"

सरपंच बाईंनी तेव्हा वर पाहिले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच वर पाहिले.

रामभाऊ पाण्याकडे पाहत उभा राहिला. साधे वाक्य होते; त्याने त्याची जमीन जात नव्हती, अब्रूही फारशी गेली नसती. माझ्या मते त्याला ते म्हणायचेही होते, कारण त्याचे ओठ हलले. पण मागून कोणी तरी "उरका, ऊन झालं" म्हणाले, गुरुजींनी दर्भाची काडी वळून कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि सगळे झाले. कावळे का आले नाहीत याचे कारण मला विचाराल तर कर्णा आणि गर्दी, एवढेच आहे. पक्ष्यावर माझा राग नाही. माझा राग त्या माणसांवर आहे, ज्यांना मेलेल्या बहिणीविषयी एक खरे वाक्य बोलण्यापेक्षा गवताचा कावळा सोपा वाटला.

पुढचे थोडक्यात सांगते. भावांनी तलाठ्याकडे अर्ज दिला, कौसल्या मयत, वारस दोघे भाऊ. पण कायदा वडिलांच्या वारसांविषयी बोलतो, आणि सुमन वडिलांची मुलगी आहे. रामभाऊची जीप पुन्हा लासूरला गेली. सुमनने मला फोन केला. "बाई, साडी आणलीय. हिरवी आहे."

"मग?"

"जेवायला घातलं. भाऊ आहे. साडी परत दिली." मग म्हणाली, "आता माझं पण माहेर गेलं बघा."

मी तिला काही सुचवले नव्हते. तिने हरकत लिहून दिली. तलाठ्याकडे जाताना मी आणि क्लोदीन बरोबर होतो. तलाठी तरुण होते, नम्रही होते. त्यांनी विचारले, "मावशी, तुम्ही तर मागंच हक्क सोडलाय ना?" सुमन म्हणाली, "तो आबांकडनं आलेला माझा हिस्सा सोडला. हा आक्काचा आहे. तिनं तो सोडला नव्हता, अन् मी बी सोडत नाय." क्लोदीनला भाषांतर लागले नाही. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल हे मला माहीत नाही. सुमनला त्याची किंमत मात्र आधीच मोजावी लागली आहे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. कौसल्येने हक्क सोडला नव्हता. तो मागितला, टिकवला आणि त्यापायी आपली माणसे गमावली. यालाच तुम्ही त्याग म्हणणार असाल तर म्हणा, पण कशाचा ते नीट सांगा.

वाचकांना विनंती एवढीच, की यातले काहीही माझ्या शब्दावर मानू नका. सातबारा कोणालाही पाहता येतो. संगणकावर, मोबाइलवर, किंवा तलाठी कार्यालयात जाऊन. आपल्या गावाचा, आपल्या घरच्या जमिनीचा उतारा उघडा आणि नावे वाचा. त्या घरात किती मुली जन्मल्या हे तुम्हाला कोणी सांगायला नको. त्यांतली जिचे नाव तिथे नसेल तिला विचारा, सही केली तेव्हा समोर कोण कोण बसले होते. ते विचारताना तिचा भाऊ खोलीत नसेल, एवढे पाहा.